चिठ्ठी कुठे टाकली, तिथेच एरर शोधावी

वाचकांचे प्रश्न : प्रयोगाची मांडणी आणि ॲनोव्हा (प्रचरण विश्लेषण, म्हणजे आकड्यांतला फरक कारणवार वाटून पाहणे)

या वेळची पत्रे शेवेच्या कारखान्यातून आली आहेत, वसतिगृहातून आली आहेत आणि शेताच्या बांधावरूनही. अडचण मात्र बहुतेकांची एकच आहे. आकडे हाती आले, तक्ताही तयार झाला, पण एफ (तपासायच्या गोष्टीमुळे पडलेला फरक भागिले एरर, म्हणजे आपोआप पडणारा फरक) काढताना खाली कोणती संख्या ठेवायची तिथे गाडी अडते. पहिले उत्तर म्हणूनच लांबले आहे. पुढची पत्रे त्याच्या आधाराने वाचावीत.

आमचा लवंगी शेवेचा छोटा कारखाना आहे. तेल फार जाते, म्हणून तेलाचे तापमान (१६५ आणि १८५ अंश) आणि मोहन (किलो बेसनाला १०० आणि १५० ग्रॅम) यांचे चारही मेळ करून पाहिले. तीन दिवस रोज चार घाणे काढले, आणि घाण्यांचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून ठरवला. किलो बेसनामागे कढईतले तेल किती ग्रॅम कमी झाले, ते तीन दिवसांच्या क्रमाने असे :

कमी तापमान, कमी मोहन : ४१८, ४११, ४०१
जास्त तापमान, कमी मोहन : ३३८, ३७५, ३३७
कमी तापमान, जास्त मोहन : ४३०, ४३७, ३९३
जास्त तापमान, जास्त मोहन : ३९४, ४१७, ३८९

भाच्याने एक्सेलमध्ये ‘टू फॅक्टर विथ रेप्लिकेशन’ (दोन घटक, प्रत्येक मेळ अनेकदा) लावले. तापमानाचा आणि मोहनाचा परिणाम आहे, इंटरॲक्शन (एका घटकाचा परिणाम दुसऱ्यावर अवलंबून असणे) नाही, असे उत्तर आले. म्हणजे तापमान वाढवले की सरसकट ४० ग्रॅम तेल वाचते असे धरून चालावे का? शेजारचे कारखानदार म्हणतात, एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. ते बरोबर आहे का? — सांवेर रोड, इंदूर

मांडणी तुम्ही चांगली केलीत. गडबड एक्सेलच्या त्या पर्यायात आहे. चिठ्ठ्या तुम्ही प्रत्येक दिवसाच्या आत टाकल्या होत्या, म्हणजे दिवस हा तुमचा ब्लॉक (ज्याच्या आतल्या आत तुलना करायची तो गट). ‘विथ रेप्लिकेशन’ला ब्लॉक कळत नाही. तीन दिवसांचे तीन आकडे एकाच दमात काढलेले आहेत असे तो समजतो आणि दिवसादिवसातला फरक उचलून एररमध्ये टाकतो.

हाताने करून बघा, कागद-पेन्सिल पुरते. बारा आकड्यांची बेरीज ४७४०. तिचा वर्ग करून १२ ने भागले की १८,७२,३००. हा करेक्शन फॅक्टर. प्रत्येक आकड्याचा वर्ग करून बेरीज घेतली तर १८,८३,६४८. दोन्हींची वजाबाकी ११,३४८, ही एकूण वर्गांची बेरीज. आता दिवस घ्या : १५८०, १६४०, १५२०. यांचे वर्ग मिळवून ४ ने भागायचे (रोजचे घाणे चार) आणि करेक्शन फॅक्टर वजा करायचा : १८००. मग चार मेळांच्या बेरजा, वर दिलेल्या क्रमाने : १२३०, १०५०, १२६०, १२००. तापमानासाठी जास्त तापमानाच्या दोन बेरजांतून कमीच्या दोन वजा करा. येतात उणे २४०. वर्ग भागिले १२, म्हणजे ४८००. मोहनासाठी तसेच करून १८० आणि २७००. इंटरॲक्शनसाठी पहिली आणि चौथी बेरीज मिळवा, त्यातून दुसरी आणि तिसरी वजा करा : १२०, म्हणून १२००.

एकूण ११,३४८ मधून दिवसांचे १८०० आणि या तिघांचे ८७०० गेले की ८४८ उरतात. एकूण ११ डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्र तुलनांची संख्या, आकड्यांपेक्षा एक कमी), त्यातल्या दिवसांना २ आणि मेळांना ३ गेल्या, एररला ६ राहिल्या. ८४८ भागिले ६ म्हणजे १४१.३. तुमच्या प्रयोगाची एरर ही. एकाच दिवशी, तसाच घाणा पुन्हा काढला तर आकडा जेवढा हलेल, तेवढी.

तापमानाचा एफ ३४.०, मोहनाचा १९.१, इंटरॲक्शनचा ८.५. एक आणि सहा डिग्रीला ५ टक्के पातळीवरची मर्यादा ५.९९ आहे. तिन्ही तिच्या वर आहेत. एक्सेलने काय केले? ८४८ आणि १८०० एकत्र केले आणि ८ ने भागून ३३१ काढले. इंटरॲक्शनचा एफ ३.६३ झाला, एक आणि आठची मर्यादा ५.३२, म्हणून ‘नाही’. आकडे तेच, घाणे तेच, फक्त भाजक चुकला आणि तुमच्या प्रयोगातली सर्वांत कामाची गोष्ट झाकली गेली. एक्सेलच वापरायचे असेल तर चार मेळ चार ओळींत आणि तीन दिवस तीन रकान्यांत मांडून ‘टू फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ लावा. एरर बरोबर ८४८ आणि ६ येईल. मेळांचे ८७०० तिघांत वाटण्याचे काम मग हाताने करायचे.

ही कामाची गोष्ट सरासरीत उघड दिसते. कमी मोहनात तापमान वाढवले तर तेल ४१० वरून ३५० वर येते, म्हणजे ६० ग्रॅमची बचत. जास्त मोहनात ४२० वरून ४००, फक्त २० ग्रॅमची. दोन सरासरींच्या तुलनेसाठी सी.डी. (क्रिटिकल डिफरन्स, फरक खरा मानायला लागणारे किमान अंतर) काढली तर २ गुणिले १४१.३ भागिले ३, त्याचे वर्गमूळ ९.७१, गुणिले सहा डिग्रीचा टी २.४४७, म्हणजे जवळजवळ २३.८ ग्रॅम. साठ ग्रॅमची बचत या मर्यादेच्या बरीच पुढे आहे, वीसची आत आहे. म्हणून ‘सरसकट ४०’ हा आकडा कुठल्याच शेवेला लागू पडत नाही. मोहन कमी असेल तरच तापमान वाढवून खात्रीचा फायदा आहे. शेव खुसखुशीत राहिली की कडक झाली, हा वेगळा मोजमापाचा प्रश्न. त्यासाठी त्याच बारा घाण्यांची चव, कोणता घाणा कोणता हे न सांगता, चार-पाच जणांकडून घेऊन त्याच पद्धतीने तक्ता मांडा. मात्र पाच जणांचे गुण म्हणजे पाच वेगळे घाणे नव्हेत. आधी त्यांची सरासरी काढून घाण्यामागे एकच आकडा ठेवा.

शेजाऱ्यांचे म्हणणे शाळेतल्या प्रयोगवहीतून आलेले आहे आणि फार लोक ते मानतात. त्यांच्या रीतीने तुम्ही मूळ घाणा, फक्त तापमान वाढवलेला घाणा आणि फक्त मोहन वाढवलेला घाणा असे तीनच प्रकार केले असते. बारा घाण्यांत प्रत्येकी चार आले असते, म्हणजे प्रत्येक तुलना चार विरुद्ध चार. तुमच्या मांडणीत तापमानाची तुलना सहा विरुद्ध सहा आहे आणि मोहनाचीही सहा विरुद्ध सहा, त्याच बारा घाण्यांत. तेवढीच अचूकता त्यांच्या रीतीने हवी असती तर १८ घाणे लागले असते. आणि चौथा मेळ त्यांनी तळलाच नसता, बेरीज-वजाबाकीने अंदाज केला असता : ४१० वजा ६० अधिक १० म्हणजे ३६०. प्रत्यक्षात तिथे ४०० आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारावा या समजाला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२६ मध्येच विरोध केला होता, आणि फ्रँक येट्स यांनी १९३७ मध्ये फॅक्टोरियल प्रयोगांचे गणित सविस्तर मांडले.

पुढे पिठातले पाणी हा तिसरा घटक घ्यायचा असेल तर मेळ आठ होतात. आठही एकदाच तळले तर सातही डिग्री मेळांतच संपतात आणि एररला काही उरत नाही. दोन दिवस, रोज आठ घाणे घ्या : दिवस १, मेळ ७, एरर ७. दिवसाला चारच घाणे जमत असतील तर आठांचे दोन गट असे पाडा. तापमान, मोहन, पाणी यांपैकी एकही वाढवलेले नाही किंवा नेमकी दोन वाढवली आहेत, असे चार मेळ एका दिवशी. नेमके एक किंवा तिन्ही वाढवलेले चार दुसऱ्या दिवशी. दिवसाचा फरक मग तिन्ही घटकांच्या एकत्रित इंटरॲक्शनमध्ये मिसळतो. त्याची आपल्याला फारशी गरज नसते. तापमान, मोहन, पाणी आणि त्यांच्या जोड्या मोकळ्या राहतात.

मोजताना तेल मापाने नव्हे, वजनाने घ्या, कारण गरम तेल फुगते. चुरा गाळून मगच वजन करा. झाऱ्यावर निथळू द्यायचा वेळ प्रत्येक घाण्याला घड्याळ लावून सारखा ठेवा, नाहीतर कारागिराच्या हाताचा वेग तापमानाच्या नावावर जमा होतो. दिवसाच्या सुरुवातीला तेल नवीन घ्यायचे की आदल्या दिवसाचे, हेही तिन्ही दिवस एकच असू द्या. आणि एक मोह टाळा. तापमान बदलायला वेळ लागतो, म्हणून ‘आज दिवसभर १६५, उद्या १८५’ असे करू नका. तसे केलेत की तापमानाची चिठ्ठी दिवसावर पडली, घाण्यावर नाही. मग रोज वीस घाणे काढलेत तरी तापमानासाठी तुमच्याकडे दोन दिवसांचे दोनच आकडे.

कंपोस्टच्या तीन पद्धतींची तुलना केली. प्रत्येक पद्धतीचा एक खड्डा, प्रत्येक खड्ड्यातून पाच नमुने, एकूण १५ नमुन्यांतला नत्र तपासला. २ आणि १२ डिग्रीवर एफ भरपूर मोठा आला. लेख मात्र ‘रेप्लिकेशन नाही’ म्हणून परत आला. पंधरा नमुने कमी आहेत का? — एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

नमुने कमी नाहीत, खड्डे कमी आहेत. पद्धत तुम्ही खड्ड्याला दिली होती, नमुन्याला नाही. पाच नमुने तुम्हाला सांगतात की एका खड्ड्याच्या पोटात नत्र किती कमीजास्त आहे. तीच पद्धत वापरून दुसरा खड्डा भरला असता तर तो पहिल्यापेक्षा किती वेगळा निघाला असता, हे ते सांगूच शकत नाहीत. आणि खड्डे वेगळे निघतातच. एकात शेण थोडे ताजे असते, एक झाडाच्या सावलीत असतो, एकाच्या भिंतीतून पाणी झिरपते, एकाची उलटणी दोन दिवस उशिरा होते. तुमच्या तक्त्यात पद्धतीतला फरक आणि खड्ड्यातला फरक एकमेकांत पूर्ण विरघळले आहेत. एफ मोठा आला तो खड्ड्यांमुळेही आला असेल.

हिशेबाने पाहा. समजा, खड्ड्याखड्ड्यातले प्रचरण (व्हेरियन्स, विखुरण्याचे माप) ४ आहे आणि एका खड्ड्यातल्या नमुन्यानमुन्यातले ५. एका खड्ड्यातून पाच नमुने घेतले तर सरासरीचे प्रचरण ४ अधिक १, म्हणजे ५. वीस नमुने घेतले तर ४.२५. लॅबचा खर्च चौपट झाला आणि हाती जवळजवळ काहीच आले नाही, कारण ४ हा आकडा नमुने वाढवून हलतच नाही. आता चार खड्डे घ्या आणि प्रत्येकातून एकच नमुना : ९ भागिले ४, म्हणजे २.२५. वीस तपासण्यांपेक्षा चार तपासण्या बऱ्या ठरल्या.

पुन्हा करणार असाल तर प्रत्येक पद्धतीचे चार, असे १२ खड्डे घ्या, लहान चालतील. कोणत्या खड्ड्यात कोणती पद्धत ते चिठ्ठीने ठरवा, शेजारशेजारचे तीन खड्डे मिळून एक ब्लॉक. प्रत्येक खड्ड्यात पाच ठिकाणचे, वेगवेगळ्या खोलीचे कंपोस्ट घेऊन नीट मिसळा आणि त्यातला एकच नमुना लॅबला द्या. तपासण्या १५ च्या १२ होतील. डिग्री : ब्लॉक ३, पद्धत २, एरर ६. जुना लेख फेकून देऊ नका. ‘प्रत्येक पद्धतीच्या एका खड्ड्याचे निरीक्षण’ असे प्रामाणिकपणे लिहून, एफ आणि (फरक खरा असल्याची खूण म्हणून लावलेली) ताऱ्यांची चिन्हे काढून टाकली तर त्यातली माहिती उपयोगाचीच आहे.

तुम्ही इंदूरच्या आहात, म्हणून थोडे विषयांतर. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, ती इथल्याच इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रीतल्या कामावरून. आजचे कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. प्रयोगाच्या मांडणीचा धागाही तिथूनच जातो. त्या संस्थेत १९३० च्या दशकात जे. बी. हचिन्सन आणि वि. गो. पानसे यांनी कपाशीच्या प्रयोगात प्लॉट केवढा असावा, कोणत्या आकाराचा असावा आणि कसा मांडावा याचा अभ्यास केला. पुढे पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे शेतीच्या संख्याशास्त्रावरचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने छापले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत ते हाताशी राहिले. तुमच्याच शहरात हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी शेतात उभे राहून विचारला गेला होता.

सोयाबीनच्या चार जाती, स्फुरदाच्या तीन मात्रा, तीन रेप्लिकेशन, एकूण ३६ प्लॉट. पेरणी यंत्राने होती, म्हणून सोयीसाठी एका जातीचे नऊही प्लॉट एका पट्ट्यात घेतले. मात्रा मात्र पट्ट्याच्या आत तीन-तीनच्या गटांत चिठ्ठीने दिल्या. फॅक्टोरियल आर.बी.डी. (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळे मेळ चिठ्ठीने) म्हणून विश्लेषण करता येईल का? — महू

नाही येणार. बियाण्याची पेटी दर वेळी रिकामी करणे जिवावर येते हे खरे, पण जातीची चिठ्ठी इथे पडलीच नाही. चार जाती, चार पट्टे. खालच्या पट्ट्यात पाणी साचले असेल तर त्याचा दोष त्या जातीवर गेला. काळ्या मातीत खरिपात हे हमखास होते.

तरी वर्ष वाया गेलेले नाही. तक्ता असा मांडा : पट्टे ३ (हे नुसते दाखवायचे, यांचा एफ काढायचा नाही), पट्ट्यांतले गट ८, मात्रा २, जात-मात्रा ६, एरर १६, एकूण ३५. मात्रांची तुलना पूर्ण विश्वासाने सांगा. जात-मात्रा जपून वाचा, कारण एखाद्या पट्ट्याची मातीच स्फुरदाला वेगळी दाद देत असेल तर तेही त्याच ओळीत बसते. कोणती जात चांगली, याबद्दल या प्रयोगातून एक शब्दही लिहू नका.

पुढच्या खरिपात बाराही मेळ प्रत्येक ब्लॉकमध्ये चिठ्ठीने मांडा आणि टोकणी हाताने करा. ब्लॉक २, जाती ३, मात्रा २, जात-मात्रा ६, एरर २२. ब्लॉकची लांबी उताराला आडवी ठेवा, म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट साधारण एकाच पातळीवर येतील. कापणीला प्रत्येक बाजूची एक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडून द्या. यंत्रच वापरायचे असेल तर पुढचे पत्र वाचा.

गव्हाच्या चार जाती (लोक-१, एच.आय. १५४४, एच.आय. ८४९८ आणि एक स्थानिक) आणि पाण्याच्या तीन पातळ्या, चार रेप्लिकेशन. पाणी मोठ्या वाफ्याला दिले, वाफ्यात चार जाती. दोन ‘एरर’ का काढायच्या? एका एररने काम सोपे होते आणि एफही मोठा येतो. — देवास

एफ मोठा येतो हीच त्यातली धोक्याची खूण आहे. पाण्याची चिठ्ठी मोठ्या वाफ्यांवर पडली, असे वाफे १२. जातींची चिठ्ठी लहान प्लॉटवर पडली, असे प्लॉट ४८. दूरदूरचे मोठे वाफे एकमेकांपेक्षा जितके वेगळे असतात, तितके एकाच वाफ्यातले शेजारी प्लॉट नसतात. पाण्यातला फरक त्याच्या स्वतःच्या, म्हणजे वाफ्यावाफ्यातल्या फरकाशीच तोलायचा.

तक्ता : रेप्लिकेशन ३, पाणी २, एरर ‘अ’ ६, जाती ३, पाणी-जात ६, एरर ‘ब’ २७, एकूण ४७. पाण्याचा एफ एरर ‘अ’ने भागून, जाती आणि इंटरॲक्शन एरर ‘ब’ने. दोन्ही एरर एकत्र केल्या तर ३३ डिग्रीची एक एरर तयार होते आणि पाण्याची मर्यादा ५.१४ वरून ३.२८ वर घसरते. शिवाय भाजकही बहुधा लहान होतो. दोन्ही बाजूंनी पाणी फायद्याचे दिसू लागते, नसले तरी.

यात ओशाळण्यासारखे काही नाही. फिशर आणि मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्राच्या बटाट्याच्या प्रयोगाचे जे प्रचरण विश्लेषण छापले, ते या पद्धतीच्या अगदी पहिल्या छापील उदाहरणांपैकी आहे. त्यातही मांडणी तुमच्यासारखीच स्प्लिट प्लॉटची (मोठ्या वाफ्यात लहान प्लॉट) होती आणि एरर एकच वापरली होती. १९२५ च्या पुस्तकात फिशर यांनी तेच आकडे दोन एरर वेगळ्या करून पुन्हा मांडले.

सी.डी. काढताना आणखी एक ठेच लागते. एकाच पाण्यावरच्या दोन जातींची तुलना फक्त एरर ‘ब’ने होते : दोन गुणिले एरर ‘ब’ भागिले रेप्लिकेशन, त्याचे वर्गमूळ. पण एकच जात दोन वेगळ्या पाण्यांवर ताडायची असेल तर दोन्ही वाफे मध्ये येतात. तिथे एरर ‘ब’ला जातींच्या संख्येतून एक वजा करून गुणायचे, त्यात एरर ‘अ’ मिळवायची, आलेल्या बेरजेची दुप्पट करून रेप्लिकेशन गुणिले जाती, म्हणजे तुमच्याकडे १६, ने भागायचे आणि मग वर्गमूळ. एकच सी.डी. सगळीकडे लावलेले प्रबंध पुष्कळ दिसतात.

शेतातली काळजी : मोठ्या वाफ्यांच्या मध्ये दीड-दोन मीटर मोकळी पट्टी हवीच. काळी माती भेगाळली की पाणी भेगांतून शेजारी जाते आणि ‘बिनपाण्याचा’ वाफाही अर्धा ओला निघतो. महूच्या वाचकांनी यंत्राने पेरायचे असेल तर हीच मांडणी उलटी करावी : जात मोठ्या वाफ्याला, मात्रा लहान प्लॉटला, आणि जातींची चिठ्ठी प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये नव्याने. जातींची तुलना थोडी ढोबळ होईल, पण खरी असेल.

आठ ट्रीटमेंटमध्ये (तपासायच्या आठ प्रकारांत) एफ नॉन-सिग्निफिकंट, म्हणजे मर्यादेच्या खाली, आला. मार्गदर्शक म्हणतात तरी सी.डी. काढून तुलना लिहा. — लोकमान्य नगर, इंदूर

लिहू नका. आठांच्या २८ जोड्या होतात. कशातही फरक नसताना ५ टक्क्यांची फूटपट्टी २८ वेळा लावली तर सरासरीने एक-दोन जोड्या ‘वेगळ्या’ निघणारच, आणि आपण नेमक्या त्याच उचलून लिहितो. प्रयोगाआधीच वहीत लिहून ठेवलेली एखादी तुलना असेल, जसे कंट्रोल विरुद्ध बाकी सगळे, तर ती एका डिग्रीची म्हणून खुशाल तपासा. सगळ्या जोड्या पाहायच्याच असतील तर ट्युकीची पद्धत (सगळ्या जोड्यांचा मिळून विचार करून मर्यादा वाढवणारी) घ्या.

तुमच्या आठांत ०, ३०, ६०, ९० किलो अशा मात्रा दिसतात. मात्रांना ‘सारखे-वेगळे’ दाखवणारी अ-ब-क अक्षरे लावण्यात काही अर्थ नाही. ६० आणि ९० ‘सारखे’ निघाले म्हणून ७५ ला काय होईल ते कळत नाही. चार समान अंतरांच्या मात्रांसाठी सरळ रेषेचे गुणक उणे ३, उणे १, १, ३ आणि वक्राचे १, उणे १, उणे १, १. बेरजांना गुणून, मिळवून, वर्ग करून रेप्लिकेशन गुणिले गुणकांच्या वर्गांची बेरीज (पहिल्याची २०, दुसऱ्याची ४) ने भागा. एका डिग्रीत सगळी ताकद एकवटते. आठांच्या गर्दीत न दिसलेला चढ इथे कधी कधी स्पष्ट दिसतो. मात्र हे गुणक आकडे पाहून निवडायचे नसतात.

रोह्यांनी (नीलगायींनी) एक प्लॉट पूर्ण खाल्ला. सहा ट्रीटमेंट, चार ब्लॉक. त्या जागी शून्य लिहावे की बाकी तिघांची सरासरी? — सांवेर

दोन्ही नको. गेलेल्या प्लॉटचा अंदाज असा : ट्रीटमेंटची संख्या गुणिले त्या ट्रीटमेंटची उरलेली बेरीज, अधिक ब्लॉकची संख्या गुणिले त्या ब्लॉकची उरलेली बेरीज, वजा उरलेल्या सगळ्यांची बेरीज. हे सगळे भागिले (ट्रीटमेंट वजा १) गुणिले (ब्लॉक वजा १). तुमच्या आकड्यांत, क्विंटल प्रति हेक्टर : ६ गुणिले ५४, अधिक ४ गुणिले ९५, वजा ४३७, भागिले १५, म्हणजे १७.८.

तो आकडा घालून नेहमीसारखा तक्ता करा, पण एररची डिग्री १५ ऐवजी १४ आणि एकूण २३ ऐवजी २२ ठेवा, कारण हा आकडा शेताने दिलेला नाही. ट्रीटमेंटची वर्गांची बेरीज थोडी फुगते. ती कमी करायला ९५ मधून ५ गुणिले १७.८ वजा करा, येतात ६. वर्ग भागिले ६ गुणिले ५, म्हणजे ३६ भागिले ३०. हे १.२ ट्रीटमेंटच्या बेरजेतून काढा.

हे सगळे नुकसानीचा ट्रीटमेंटशी संबंध नसेल तरच. बियाण्याला औषधाची मात्रा जास्त झाल्याने उगवणच झाली नाही, तर तो प्लॉट ‘गेलेला’ नाही. तिथले शून्य हे त्या मात्रेचे उत्तर आहे.

चक्रीभुंग्याची लागलेली झाडे मीटर ओळीत मोजली. काही प्लॉटमध्ये ०, काहींत १४. सी.व्ही. (सरासरीच्या टक्क्यांत मोजलेले विखुरणे) ६० टक्क्यांच्या वर. आकडे तसेच चालतील का? — सुदामा नगर, इंदूर

मोजणीच्या आकड्यांत सरासरी वाढली की विखुरणेही वाढते, आणि ॲनोव्हा तर सगळीकडे एरर सारखी धरतो. आधी प्रत्येक ट्रीटमेंटची सरासरी आणि तिचे प्रचरण समोरासमोर लिहून बघा. दोन्ही बरोबरीने चढत असतील तर प्रत्येक आकड्यात ०.५ मिळवून वर्गमूळ घ्या आणि ॲनोव्हा त्यावर करा. तक्त्यात मूळ सरासरीही द्या, पण सी.डी. वर्गमूळाच्याच मापात राहू द्या. ती उलट फिरवून ‘इतकी झाडे’ असे लिहिता येत नाही. उगवणीच्या टक्केवारीसाठी आकडे ३० ते ७० च्या आत असतील तर काही करायची गरज नाही. ० किंवा १०० च्या जवळ जात असतील तर आर्कसाइन रूपांतर (प्रमाणाच्या वर्गमूळावरून कोन काढणे) करा. १०० बियांत एकही उगवली नसेल तर ० टक्क्यांऐवजी ०.२५ टक्के आणि सगळ्या उगवल्या असतील तर ९९.७५ टक्के घ्यावेत. एकाच प्लॉटमध्ये तीन ठिकाणी मीटर ओळ मोजली असेल तर आधी त्यांची बेरीज घ्या, मगच वर्गमूळ.